माघारीचे शौर्य

दर वर्षी मे-जूनच्या सुमारास मनाली ते लेह हा डोंगरी रस्ता बर्फातून मोकळा झाल्याची वार्ता आली, की पुणे जिल्ह्यातून मोटारसायकलस्वारांच्या तुकड्या उत्तरेची वाट धरू लागतात. कोणी आपली गाडी रेल्वेने चंडीगडपर्यंत पाठवितो, कोणी तेथे पोहोचून भाड्याने घेतो, तर कोणी घराच्या उंबरठ्यापासूनच सुमारे दोन हजार किलोमीटरांची वाट तुडवीत मनाली गाठतो. एके काळी हे वेड शहरातील मूठभर हौशी मंडळींपुरते होते. आता चाकण, शिक्रापूर आणि रांजणगाव येथील कारखान्यांमुळे ज्यांच्या हाती चार पैसे खेळू लागले, त्या शिरूर-खेड भागातील तरुणांनाही त्याची लागण झाली आहे. ज्या चाकणला मोटारसायकली तयार होतात त्याच्या शेजारच्या मुलुखातील तरुणाने त्यांवर स्वार होऊन हिमालय पाहावा, यात नवल ते काय? पाबळसारख्या अवर्षणग्रस्त गावी वाढलेल्या ज्या मुलाने गारांच्या पावसापलीकडे आभाळातून बर्फ पडताना कधी पाहिला नाही, त्याला पाच हजार मीटरांवरच्या खिंडी साद घालू लागाव्यात, याचा आम्हांस आनंदच वाटतो. परंतु या आनंदात काळजीचाही अंश मिसळलेला आहे, आणि ती काळजी स्पष्ट शब्दांत मांडणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ही काळजी कल्पनेतून उपजलेली नाही. सप्टेंबर २०१८ च्या चौथ्या आठवड्यात लाहौल-स्पितीवर अवकाळी हिमवर्षाव झाला. रस्ते बंद पडले, शेकडो प्रवासी जागोजागी अडकले आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे धाडावी लागली. सप्टेंबर हा त्या भागातील प्रवासास उत्तम महिना मानला जातो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्यानंतर जुलै २०२३ मध्ये, म्हणजे ऐन उन्हाळी हंगामात, चंद्रताल सरोवराच्या परिसरात सुमारे चार हजार तीनशे मीटर उंचीवर जवळपास तीनशे पर्यटक बर्फामुळे अडकून पडले. खाली मनालीत बियास नदीच्या पुराने रस्ते वाहून नेले होते आणि वर कुंझुम खिंडीत बर्फाने वाट बुजविली होती. काही आजारी व वृद्ध माणसांना हेलिकॉप्टरने आणण्यात आले. उरलेल्यांना बर्फ हटवून रस्ता मोकळा करीत बाहेर काढावे लागले. हिमाचल प्रदेशाचे मंत्री श्री. जगतसिंह नेगी हे स्वतः त्या बर्फातून पोहोचले. सीमा सडक संघटनेचे कर्मचारी आणि स्पितीतील स्थानिक माणसे रात्रंदिवस राबली. त्या प्रसंगी मोठी मनुष्यहानी टळली, हे आपले सुदैव. परंतु ऑक्टोबर २०२१ मध्ये रोहडूहून किन्नौरकडे जाणाऱ्या डोंगरवाटेवर पायी निघालेल्या एका पथकावर बर्फ कोसळला, तेव्हा दैव असे उदार नव्हते. त्या पथकातील महाराष्ट्राचे तिघे परत आले नाहीत.

या घटना वेगवेगळ्या महिन्यांतील आहेत आणि एकच गोष्ट सांगतात. हिमालयाच्या उंच भागात 'हंगाम' हा शब्द पठारावरील माणसाला वाटतो तितका भरवशाचा नाही. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात त्या प्रदेशावर बर्फ आणतात, हे शाळेतील भूगोलातही असते. पण असा एखादा विक्षोभ जुलै वा सप्टेंबरमध्ये मोसमी वाऱ्यांच्या आर्द्रतेला भेटला, तर दरीत प्रलय आणि खिंडीत हिमवर्षाव असे एकाच दिवशी घडते. पाबळच्या शेतकऱ्याला आभाळ दगा देते ते पाऊस न पाडून. लाहौलमध्ये आभाळ दगा देते ते अवेळी सर्व काही ओतून. आभाळाकडे सावधपणे पाहण्याची सवय येथल्या माणसाच्या रक्तात आहे. केवळ तेथल्या आभाळाची भाषा त्याला शिकावी लागेल.

मोटारसायकलस्वारावर हे संकट इतर प्रवाशांपेक्षा वेगळ्या रीतीने कोसळते, याचा विचार फारसा होत नाही. मोटारीत बसलेला प्रवासी निदान काचेच्या आड असतो. दुचाकीवरचा माणूस वाऱ्याच्या तोंडी असतो. हवेचे तापमान शून्य अंश असताना ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला ती थंडी उणे आठ अंशांइतकी भासते. त्यातच हातमोजे भिजले म्हणजे बोटे बधिर होतात, आणि बधिर बोटांनी ब्रेक व क्लच सांभाळावयाचे असतात! सकाळी डांबरावर काचेसारखा पातळ, डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा थर असतो. चारचाकी त्यावर घसरली तरी उभी राहते, दुचाकी आडवी होते. दुपारी ऊन चढले, की वरच्या हिमाचे पाणी नाल्यांतून रस्त्यावर येते. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी तिसऱ्या प्रहरी गुडघ्यापर्यंत चढते, म्हणूनच जाणते लोक असे नाले सकाळीच ओलांडतात. उंचीवर हवा विरळ झाल्याने इंजिनाची शक्ती घटते, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या धापा टाकतात, थंडीने तेल घट्ट होते आणि बॅटरी मान टाकते. पेट्रोलचा हिशेब तर वेगळाच. लाहौलमधील टांडी येथील पंपावर 'पुढील पंप ३६५ किलोमीटरांवर' असा फलक अनेक वर्षे झळकत असे, आणि तो पाहून हसणारे कित्येकजण पुढे हात चोळीत बसत.

गाडीची ही कथा, तर स्वाराच्या देहाची आणखी निराळी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरांवर आहे. मनाली दोन हजारांवर, बारालाचा खिंड सुमारे ४,८९० मीटरांवर आणि तांगलांग खिंड ५,३०० मीटरांच्याही वर. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असे या विषयातील वैद्यक सांगते. आपल्या सहलींचे वेळापत्रक मात्र पहिला मुक्काम जिस्पा येथे सुमारे ३,२०० मीटरांवर आणि दुसरा सरचू येथे सुमारे ४,२९० मीटरांवर टाकते! एका रात्रीत हजार मीटरांची ही उडी घेतल्यावर डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही लक्षणे दिसू लागतात, आणि ती 'थोडा थकवा आला' म्हणून हसण्यावारी नेली जातात. बसल्या जागी धाप लागू लागली वा चालताना तोल जाऊ लागला, तर ती देहाने दिलेली अखेरची सूचना असते. अशा वेळी खाली उतरणे हाच खरा उपचार होय. नेमक्या त्याच वेळी खिंडीत बर्फ पडून रस्ता बंद झालेला असेल, तर खाली उतरावयाचे तरी कोठून?

३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा वाहतुकीस खुला झाला. रोहतांगच्या बर्फात महिनोन्‌महिने कोंडल्या जाणाऱ्या लाहौलच्या जनतेला त्याने जे वरदान दिले त्याचे मोल करणे कठीण आहे. आसन्नमरण रुग्णाला खाली आणण्यासाठी ज्यांनी पूर्वी हेलिकॉप्टरची वाट पाहिली त्यांनाच ते कळेल. परंतु या बोगद्याचा एक परिणाम प्रवाशाने ओळखला पाहिजे. मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरांनी व काही तासांनी घटले; माणसाच्या फुप्फुसांची व रक्ताची गती मात्र तीच राहिली. पूर्वी रोहतांगचा घाट चढताना जो दिवस मोडत असे, तो नकळत शरीराला सवय लावून जाई. आता तो दिवस वाचला आणि वाचलेला दिवस आपण पुढची खिंड गाठण्यात खर्चू लागलो. रस्ता सुधारला म्हणजे डोंगर सौम्य झाला, असा समज करून घेणे यासारखी घातक गोष्ट नाही.

आता तुकडीने जाण्याविषयी. दहा-बारा जणांनी मिळून जावे हे सुरक्षितच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि सपाटीवर ते खरेही आहे. पर्वतात मात्र तुकडी हे बळ आहे तसेच ओझेही आहे. रजा मोजून बारा दिवसांची, परतीची तिकिटे आगाऊ काढलेली, मुक्कामाचे पैसे भरलेले. अशा स्थितीत पुढे ढग दाटलेले पाहून 'आज थांबू या' असे म्हणणारा एकटा पडतो. प्रत्येकाच्या मनात शंका असते, पण आपण भित्रे ठरू या भयाने ती ओठांवर येत नाही. प्रत्येकजण दुसऱ्याच्या धीरावर विसंबतो आणि दुसरा याच्या! आयोजकाने पैसे घेतलेले असतात. पाच खिंडींचे आश्वासन दिलेले असते. चार झाल्या तर गिऱ्हाईक भांडेल ही धास्ती त्याला असते. अशा रीतीने जो निर्णय कोणीही एकट्याने घेतला नसता, तो सर्वांनी मिळून घेतला जातो. बर्फ कोणाच्या वेळापत्रकाकडे पाहून पडत नाही. पण त्या बर्फात माणसे सापडतात ती पुष्कळदा वेळापत्रकामुळे.

कोणी म्हणेल, मग असल्या सहलींवर बंदीच का घालू नये? ही सूचना आम्हांस सर्वथा अमान्य आहे. ज्या समाजातील तरुण धोक्याच्या वाटेला जाण्याचे सोडून देतात, त्या समाजाच्या ऱ्हासाचा आरंभ झालाच म्हणून समजावे. गिरिप्रेमी या पुण्याच्या संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट सर केले आणि २०१९ मध्ये याच संस्थेची दहा माणसे कांचनगंगेच्या शिखरावर पोहोचली, याचा अभिमान बाळगणाऱ्या नगरीने साहसाला बेड्या घालण्याची भाषा करू नये. पण त्या यशामागे काय होते तेही पाहावे. पर्वतारोहण गंभीरपणे करू इच्छिणारा मनुष्य आधी दार्जिलिंगच्या वा उत्तरकाशीच्या संस्थेत अठ्ठावीस दिवसांचे प्राथमिक शिक्षण घेतो, दोर बांधावयास शिकतो, बर्फावर पडल्यावर स्वतःला कसे थोपवावे हे शिकतो, आणि नेत्याची आज्ञा झाली की शिखर हाताच्या अंतरावर असतानाही परत फिरावयास शिकतो. त्याच्याइतक्याच उंचीवर मोटारसायकलवरून जाणाऱ्या आमच्या तरुणापाशी मात्र एकच प्रमाणपत्र असते, आणि ते म्हणजे पुण्याच्या रहदारीत मिळविलेला गाडी चालविण्याचा परवाना!

येथे आम्हांस पाबळचे स्मरण होते. पाबळ म्हटले की सामान्य वाचकाला मस्तानीची समाधी आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे. पण याच गावी १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रमाची स्थापना केली. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळविलेला आणि मुंबईत एका मोठ्या उद्योगाच्या संशोधनशाळेत काम केलेला हा शास्त्रज्ञ एका कोरडवाहू गावात येऊन राहिला, तो एक साधा सिद्धान्त घेऊन: माणूस हाताने करता करताच खऱ्या अर्थाने शिकतो. शाळेच्या परीक्षेत मागे पडलेली मुले तेथे वेल्डिंग करू लागली, विजेची जोडणी करू लागली, भूगर्भातील पाण्याचा शोध घेऊ लागली, जीपचे सुटे भाग वापरून छोट्या शेतकऱ्यासाठी ट्रॅक्टर बनवू लागली. २००३ मध्ये डॉ. कलबाग निवर्तले, त्यांचा विचार मात्र त्या गावाच्या सीमेपलीकडे अनेक शाळांत पोहोचला. आपल्या हातातील यंत्र आतून ओळखणारा मनुष्य आणि ते केवळ पळविणारा मनुष्य यांतील भेद समजावून घ्यावयाचा असेल, तर पाबळइतकी योग्य जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

म्हणूनच आमची सूचना अशी, की हिमालयात मोटारसायकलने जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी अशा करून शिकण्याच्या पद्धतीचे छोटे अभ्यासवर्ग आपल्या जिल्ह्यात सुरू व्हावेत. पाबळसारख्या ठिकाणच्या कार्यशाळा, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि गिर्यारोहण संस्था यांनी एकत्र आल्यास ते सहज शक्य आहे. पंक्चर स्वतः काढणे, साखळी व ब्रेक बसविणे, थंडीत बंद पडलेले इंजिन सुरू करणे, प्रथमोपचार, उंचीच्या आजाराची लक्षणे ओळखणे, हवामान खात्याचा अंदाज वाचणे, नाला ओलांडण्यापूर्वी पायी उतरून पाण्याची खोली पाहणे, इतके जरी शिकविले तरी पुष्कळ होईल. प्रात्यक्षिकासाठी सह्याद्री आहेच. भर पावसात माळशेज वा वरंध घाटात ओल्या कपड्यांनिशी दिवसभर गाडी चालविताना ज्याच्या तुकडीची शिस्त टिकत नाही, त्याने बारालाचाचे नाव घेऊ नये.

शासनाचेही कर्तव्य आहे. हिमालयातील सहलीत आपला मुलगा गमावलेल्या आईबापांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, आणि मग २०१४ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेविषयी महाराष्ट्र शासनाचा निर्णय निघाला. पुढे २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरणही जाहीर झाले. हा क्रमच पुरेसा बोलका आहे. आम्हांस सुचवावयाचे आहे ते इतकेच, की ज्यांची कचेरी येथे आहे, जे येथल्या तरुणांकडून पैसे घेतात, त्यांची सहल दोन हजार किलोमीटर दूर जात असली तरी त्यांचे उत्तरदायित्व येथून सुटता कामा नये. प्रत्येक आयोजकाने आपल्या पत्रकात किमान दोन राखीव दिवस दाखवावेत, कोणत्या स्थितीत व कोणत्या ठिकाणाहून तुकडी परत फिरेल हे आधीच लिहून द्यावे, आणि हवामानामुळे माघार घेतल्यास पैशांचे काय होईल याची अट आरंभीच स्पष्ट करावी. मग ऐन खिंडीच्या तोंडाशी सुरक्षितता आणि परतावा यांचा वाद उभा राहणार नाही.

आणखी एक गोष्ट. सुटकेचा खर्च केवळ रुपयांत मोजता येत नाही. चंद्रतालच्या वाटेवरचा बर्फ ज्यांनी हटविला तीही कोणाची तरी मुले होती. डोझर चालविणारा चालक, हेलिकॉप्टरचा वैमानिक, स्वतःच्या कोठारातील शिधा परक्यांसाठी बाहेर काढणारा पहाडी गृहस्थ, यांनी आपला जीव आपल्या हौसेसाठी पणाला लावावा असे मागण्याचा अधिकार कोणासही नाही. निसर्गाच्या आकस्मिक कोपात सापडलेल्याला मदत मिळालीच पाहिजे. पण इशारा मिळाला असूनही पुढे गेलेल्याने आपण दुसऱ्याच्या घरादाराला काय किंमत मोजावयास लावतो, याचा विचार निघण्यापूर्वी करावा.

मराठी माणसाला माघारीची लाज वाटावी, हे तर त्याच्या इतिहासाशी विसंगत आहे. पाबळ ज्या बाजीरावाच्या आठवणीशी जोडले गेले आहे, त्याचे सारे सामर्थ्य वेगात होते हे खरे. पण तो वेग आंधळा नव्हता. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत त्याने निजामाला आपल्यामागे फिरविले, स्वतःला सोयीचे मैदान मिळेपर्यंत सरळ झुंज टाळली आणि मग शत्रूचे पाणी व रसद तोडून त्याला शरण आणले. कोठे पुढे जावे आणि कोठून वळावे हे जाणणे, हाच त्या घोडदळाचा प्राण होता. उलट १७६१ च्या पानिपतावर आमच्या सैन्याचे काय झाले? शौर्यात ते तसूभरही कमी पडले नाही. घरापासून शेकडो कोस दूर, उत्तरेच्या ऐन थंडीत, पुरेशा उबदार वस्त्रांवाचून, रसदीची वाट तुटलेली असताना त्याला लढावे लागले. हवामान, अंतर आणि शिधा यांचा हिशेब चुकला, तर पराक्रमालाही त्याची भरपाई करता येत नाही, हा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. तो सहलीच्या निमित्ताने का होईना, पुन्हा विसरला जाऊ नये.

शेवटी आमच्या वाचकांना एक विनंती. आपल्या घरचा मुलगा वा मुलगी अशा प्रवासाहून परतल्यावर आपण पहिला प्रश्न काय विचारतो? 'किती खिंडी झाल्या?' हाच ना? त्याऐवजी, 'कोठे थांबलात आणि का थांबलात?' असे विचारण्याची सवय लावून घेऊ या. खिंडीच्या पायथ्याशी दोन दिवस बसून, ढग हटत नाहीत असे पाहून, सगळी तुकडी सुखरूप घेऊन परत आलेल्या नेत्याचे कौतुक शिखरावरून छायाचित्र धाडणाऱ्याइतकेच, किंबहुना अधिक, झाले पाहिजे. ज्या दिवशी आपल्या घराघरांतून असे कौतुक होऊ लागेल, त्या दिवशी बर्फात अडकलेल्या तुकडीतील त्या एकट्या तरुणाला 'आज थांबू या' हे शब्द उच्चारण्याचे धैर्य येईल. खिंडी कोठे जात नाहीत. पुढच्या वर्षीही त्या तेथेच असतील. त्या पाहण्यासाठी आपली मुलेही असावीत, एवढीच आमची इच्छा आहे.